घर, धंदा आणि फांसे

मनुष्याच्या अंगीं जें कौशल्य दिसतें, तें त्यास कोठून प्राप्त होतें, हा प्रश्न फार जुना आहे. कोणी म्हणतात, तें रक्तांतच असावें लागतें. कोणी म्हणतात, घरचें वळण तेंच खरें. कोणी सर्व श्रेय धंद्याला देतात. तर कोणाच्या मतें मनुष्याची इच्छा असली म्हणजे कांहींच अशक्य नाहीं. हा वाद तत्त्ववेत्त्यांच्या ग्रंथांत चालतो, तसाच तो घरोघरींहि, मुलाला पुढें कोणत्या शाखेस घालावें ही गोष्ट निघाली कीं, चालतो. परंतु हाच वाद एका खेळांत, आंकड्यांच्या रूपानें, अर्धशतकाहून अधिक काळ चालला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस हा खेळ परिचित आहे. त्यांच्या पालकांस बहुधा नाहीं. म्हणून त्या खेळाची प्रथम ओळख करून देऊन, त्यांतील पात्रांच्या अंगीं कौशल्यें कशीं येतात, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

इंग्रजींत या खेळास ‘रोलप्लेइंग गेम’ म्हणतात. आपण त्यास भूमिका-खेळ म्हणूं. चार-पांच गडी मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो, व बाकीचा प्रत्येक जण एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार प्रसंग सांगतो : रात्र झाली आहे, नदीला पूर आला आहे, पैलतीरावर दिवा दिसतो आहे, आतां तुम्ही काय करणार? मग ज्यानें त्यानें आपलें पात्र काय करील तें बोलून दाखवावयाचें. एखाद्यानें पोहून जाण्याचें ठरविलें, तर तो बेत सिद्धीस गेला कीं नाहीं, हें फांसे टाकून पाहतात. आपल्या सोंगट्यांच्या खेळांतहि फांसे असतात. परंतु तेथें दान सर्वांस सारखें. येथें तसें नाहीं. पोहण्यांत निपुण असलेल्या पात्रास यश येण्याचा संभव अधिक, आणि पाण्यास भिणाऱ्या पात्रास तो कमी. यासाठीं प्रत्येक पात्राचा एक कागद असतो, व त्यावर त्याचे उपजत गुण आणि त्याचीं कौशल्यें आंकड्यांनीं मांडलेलीं असतात. हे आंकडे कोठून आणावयाचे, हाच आपला विषय आहे.

या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो रचिला, व १९७४ सालीं तो अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांत पात्रांचे वर्ग तीनच : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. पात्राचें बालपण कोठें गेलें, त्याचे आईबाप काय करीत होते, याची विचारपूस नव्हती. विचारपूस होती ती वंशाची. डोंगरांत राहणाऱ्या ठेंगू ड्वार्फ लोकांत जन्मलेल्या पात्रानें योद्धाच झालें पाहिजे, आणि योद्धा होऊनहि त्याला सहाव्या पायरीपलीकडे चढण्याची मोकळीक नव्हती. हाफलिंग नांवाच्या बुटक्या लोकांची मर्यादा तर चौथी पायरी. मनुष्यवंशास मात्र अशी मर्यादा नव्हती. म्हणजे पराक्रम कितीहि केला तरी जन्मानें आंखलेली रेघ ओलांडतां येत नसे. खेळ काल्पनिक, त्यांतील राक्षसहि काल्पनिक. पण ही रेघ आपणां भारतवासीयांस फारशी अनोळखी वाटूं नये.

तीनच वर्षांनीं, १९७७ सालीं, मार्क मिलर यांनीं रचलेला ‘ट्रॅव्हलर’ नांवाचा खेळ निघाला. त्याचें कथानक अंतराळांत घडतें. परंतु त्याची खरी नवलाई अशी कीं, त्यांत पात्राला पूर्वायुष्य दिलेलें आहे. पात्र अठराव्या वर्षीं आरमारांत, पायदळांत, टेहळणी दलांत, व्यापारी जहाजावर किंवा अशाच एखाद्या कामांत शिरतें, व चार-चार वर्षांच्या मुदतीनें नोकरी करतें. प्रत्येक मुदतींत त्याला कांहीं कौशल्य मिळतें. आणि प्रत्येक मुदतींत तें जगलें कीं नाहीं, हेंहि फांसेच ठरवितात. मूळ नियमांप्रमाणें एखादें पात्र, खेळास आरंभ होण्यापूर्वींच, कागदावरच्या कागदावर मरूं शके! जास्त मुदती केल्या तर कौशल्यें वाढतात. पण चौतिसाव्या वर्षापासून म्हातारपण शरीराचे गुण पोखरूं लागतें. शिक्षण हा या खेळांतील सहा मूळ गुणांपैकीं एक असून, ज्याच्या शिक्षणाचा आंकडा ८ किंवा अधिक असेल, त्यालाच वैद्यक, नौकानयन, यंत्रविद्या अशा वरच्या कौशल्यांच्या कोष्टकावर फांसा टाकतां येतो. कौशल्य हें देणगी नसून आयुष्याचीं वर्षें देऊन तें विकत घ्यावें लागतें, ही गोष्ट या खेळानें प्रथम आंकड्यांत मांडली.

घरच्या संस्कारांचा हिशेब मात्र ‘रूनक्वेस्ट’ या खेळांत अधिक बारकाईनें झालेला आढळतो. हा खेळ १९७८ सालीं निघाला. स्टीव्ह पेरिन हे त्याचे प्रमुख रचनाकार. आणि ज्या ‘ग्लोरान्था’ नामक काल्पनिक जगांत तो खेळतात, तें ग्रेग स्टॅफर्ड यांनीं निर्माण केलें. यांत योद्धा, मांत्रिक असे ठरीव वर्ग नाहींत. प्रत्येक कौशल्याला शेंकडेवारी आहे. दहा बाजूंचे दोन फांसे टाकून १ ते १०० पैकीं एक आंकडा काढावयाचा. तो पात्राच्या कौशल्याइतका अथवा त्याहून कमी आला, म्हणजे काम फत्ते झालें.

या खेळाच्या २०१८ सालच्या आवृत्तींत पात्राचीं कौशल्यें थरावर थर चढवीत बांधतात. प्रथम घराण्याचा इतिहास. पात्राच्या आजोबांनीं किंवा आजीनें, आणि त्यानंतर आईनें किंवा बापानें, कोणत्या लढाया व कोणतीं संकटें पाहिलीं, हें ठरवावयाचें. त्यांतून नातवाच्या वांट्याला कधीं नांवलौकिक येतो, कधीं एखादें पिढीजात वैर येतें. दुसरा थर मायदेशाचा. तिसरा धंद्याचा. चौथा पात्र ज्या देवतेची उपासना करतें त्या पंथाचा. आणि सर्वांवर शेवटचा थर खेळणाऱ्याच्या स्वतःच्या मर्जीचा : त्यानें आवडतील तीं चार कौशल्यें प्रत्येकीं २५ टक्क्यांनीं व आणखी पांच कौशल्यें प्रत्येकीं १० टक्क्यांनीं वाढवावयाचीं.

यांतील मायदेश व धंदा यांचें कार्य कसें निरनिराळें आहे, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ग्लोरान्था जगांत सार्तार नांवाचा एक डोंगराळ मुलूख आहे. तेथील लोक शेती करतात व गुरें राखतात. त्याच्या पूर्वेस प्रॅक्स नांवाचें रुक्ष माळरान आहे. तेथील टोळ्या बायसन, इम्पाला हरिणें आणि उंच लामा यांच्या पाठीवर स्वार होऊन हिंडतात. आतां असें समजा कीं, सार्तारांतील एक व प्रॅक्समधील एक, असे दोन तरुण सारख्याच उपजत गुणांचे असून दोघेहि धंद्यानें सैनिक आहेत. धंद्याच्या थरांतून दोघांसहि शस्त्रविद्या मिळाली. परंतु सार्तारच्या सैनिकाला, त्यानें कधीं हौसेनें नांगर धरला नसला तरी, पेरणी व कापणी समजते. प्रॅक्सच्या सैनिकाला ओसाड मुलखांत कसें जगावें हें समजतें, आणि जनावर मारतांना त्याच्या जीवाला शांतपणें परत पाठविण्याचा त्याच्या टोळीचा विधिहि त्याला येतो. मातृभाषा दोघांसहि पहिल्यापासून शेंकडा ५० आणि आपापल्या चालीरीति शेंकडा २५ इतक्या अवगत असतात. त्यासाठीं खेळणाऱ्यास एक कवडीहि खर्चावी लागत नाहीं. उलट परक्या भाषेचा आरंभ शून्यापासून. दोघे एका छावणींत राहूं लागले, तर तलवारीच्या बाबतींत बरोबरीचे ठरतील; पण दाणागोटा संपला, वाट चुकली, किंवा एखाद्या यजमानाच्या घरीं कसें वागावें असा प्रश्न पडला, कीं दोघांचीं घरें आपोआप बोलूं लागतील.

याच्या उलट, एकाच गांवचे दोघे घ्या : एक लेखनिक, दुसरा कारागीर. भाषा तीच, सण तेच, देवहि तेच. तरी एकाचें लक्ष कागदावरील खाडाखोडीकडे जाईल, व दुसऱ्याचें दाराच्या बिजागरीकडे. मायदेश मनुष्याला सर्वांबरोबर वागण्याची रीत शिकवितो. धंदा त्याला इतरांहून वेगळें पाहावयास शिकवितो. पात्राच्या कागदावर हे दोन रकाने निराळे ठेवण्यांत खेळाच्या रचनाकारांनीं मोठें शहाणपण दाखविलें आहे.

धंद्याचा हिशेब कसा होतो, याचें सर्वांत मनोरंजक उदाहरण ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळांत मिळतें. सँडी पीटरसन यांनीं रचलेला हा खेळ १९८१ सालीं निघाला. त्यांतील पात्रें कोणी वीर नसून ग्रंथपाल, वैद्य, वार्ताहर, शेतकरी अशीं साधीं माणसें असतात, व तीं गूढ आणि भयंकर प्रसंगांस तोंड देतात. २०१४ सालच्या सातव्या आवृत्तीप्रमाणें प्रत्येक पात्राला धंद्याचे म्हणून कांहीं गुण मिळतात, व ते त्या धंद्यास लागणाऱ्या कौशल्यांवरच खर्च करावे लागतात. ग्रंथपालाच्या शिक्षणाचा आंकडा ६० असला, तर त्याची चौपट म्हणजे २४० गुण त्याला मिळतात. शेतकऱ्याचा हिशेब निराळा. त्याच्या शिक्षणाची दुप्पट, आणि तिच्यांत त्याच्या बळाची किंवा चपळाईची दुप्पट मिळवावयाची. समजा, शेतकऱ्याचें शिक्षण ४०, म्हणजे या खेळांत संभवणारें अगदीं कमींत कमी. पण त्याचें बळ ८० आहे. तर ८० आणि १६० मिळून त्याचेहि २४० च झाले!

विद्यार्थी मित्रांनो, या बेरजेकडे थोडें थांबून पाहा. शाळेंत फार दिवस न बसलेला हा शेतकरी ग्रंथपालाहून कमी जाणता ठरलेला नाहीं. तो निराळ्या गोष्टी जाणतो, एवढेंच. त्याचे २४० गुण गाडी हांकणें, यंत्र दुरुस्त करणें, जनावराचा माग काढणें यांवर पडले; ग्रंथपालाचे पुस्तकांचा शोध घेण्यावर व परभाषांवर पडले. आणि खेळांत कधीं पहिल्यावांचून अडतें, कधीं दुसऱ्यावांचून. हें जुन्या ग्रंथालयांत शोध घेण्याचें कौशल्य तर या खेळांत इतकें मोलाचें आहे कीं, बंदुकीनें न टळलेलें संकट पुष्कळदां एखाद्या जीर्ण पुस्तकाच्या पानानें टळतें. शिवाय ज्यानें जें कधींच शिकलेलें नाहीं, त्यांतहि तो अगदीं कोरा नसतो. जखमेवर प्रथमोपचार करणें कोणासहि शेंकडा ३० येतें; वैद्यक मात्र न शिकलेल्यास शेंकडा १ च येतें. कोणती विद्या माणसांत राहून सहज येते व कोणती गुरूवांचून येत नाहीं, याचा हा एक सुबोध तक्ताच म्हणावा लागेल.

येथें आपल्या देशाची एक गोष्ट लक्षांत आणणें अवश्य आहे. आपल्या जुन्या गांवगाड्यांत बारा बलुतेदार असत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार आदि लोक गांवाचीं कामें करीत, व पिकांतून त्यांना बलुतें मिळे. तेथें घर आणि धंदा हे दोन रकाने नव्हतेच. एकच रकाना होता, आणि तो जन्मतःच भरलेला असे. कुंभाराच्या मुलाला चालतां येऊं लागल्यापासून चाकाची व मातीची ओळख होई, हा त्या पद्धतीचा लाभ; त्याच्या बोटांना असलेली जाण कोणत्याहि शाळेस सहज देतां आली नसती. परंतु त्याला अक्षरांचा छंद असला, किंवा लोहाराच्या मुलीला वैद्यकाची आवड असली, तर त्या आवडीसाठीं कागदावर जागाच नव्हती. कित्येकांना तर वांट्यास आलेलें काम नको असूनहि टाकतां येत नसे, आणि त्याच कामावरून त्यांस हीन लेखण्यांत येई. धंदा कौशल्य देतो हें खरें. पण तो निवडलेला आहे कीं लादलेला, यावर तें कौशल्य अलंकार होईल कीं बेडी, हें अवलंबून असतें.

घर व धंदा यांचें वजन करतांना खेळांचे रचनाकारहि सुरुवातीपासून निर्दोष होते असें नाहीं. ‘रूनक्वेस्ट’च्या १९८४ सालच्या आवृत्तींत सर्व समाजांची चार प्रकारांत वांटणी केली होती : आदिम, भटके, रानटी आणि सुधारलेले. प्रत्येक प्रकाराचीं कौशल्यें निरनिराळीं, हें ठीकच. परंतु या नांवांतच एक शिडी दडलेली आहे, व आपण तिच्या कोणत्या पायरीवर उभे आहों असें नांव देणारा समजतो, हेंहि उघड आहे. जो रानांतील प्रत्येक झाडाचा उपयोग जाणतो, त्याला आदिम म्हटल्यानें त्याचें ज्ञान कमी होत नाहीं. म्हणणाऱ्याची दृष्टि मात्र अधू होते. २०१८ च्या आवृत्तींत हीं नांवें नाहींत. तेथें लोकांना त्यांच्या त्यांच्या देशाच्या नांवानेंच ओळखलें आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा प्रवासहि असाच झाला. वंशावरून वर्ग ठरविण्याचे व पायऱ्या रोखण्याचे निर्बंध २००० सालच्या आवृत्तींत गेले. तरीहि वंशाचे ठराविक गुण राहिलेच होते. २०१४ च्या आवृत्तींत अर्ध-ऑर्क म्हटला कीं त्याचें बळ अधिक, नोम म्हटला कीं त्याची बुद्धि अधिक. त्याच आवृत्तींत पात्राची पूर्वपीठिका हा एक नवा रकानाहि आला होता. पूर्वीं खलाशी असलेल्या पात्राला अंगमेहनतीचें व बारीक नजरेचें अशीं दोन कौशल्यें त्यामुळें मिळत. २०२० सालीं निघालेल्या एका पुरवणी-ग्रंथानें वंशाची वाढ आपल्या इच्छेप्रमाणें दुसऱ्या गुणांकडे वळविण्याची मुभा दिली. आणि २०२४ च्या नियमग्रंथांत ती वाढ वंशाकडून काढून पूर्वपीठिकेकडेच सोंपविली. आतां शेतावर वाढलेल्या पात्राचें बळ, काटकपणा अथवा समंजसपणा वाढतो, तो तें शेतावर वाढलें म्हणून. तें कोणाच्या पोटीं जन्मलें म्हणून नव्हे. अंधारांत दिसणें यांसारखे शरीराचे विशेष वंशाकडेच राहिले. १९७४ पासून २०२४ पर्यंतच्या ५० वर्षांत या एका खेळानें कौशल्याचें श्रेय जन्माकडून काढून संगोपनाकडे व श्रमाकडे दिलें.

मग, घरानें व धंद्यानें जें दिलें, तेवढ्यावरच पात्राचें भवितव्य ठरतें काय? तसें नाहीं. ‘कॉल ऑफ कथुलू’मध्यें एक फार मार्मिक नियम आहे. खेळाच्या ओघांत पात्रानें एखादें कौशल्य यशस्वी रीतीनें वापरलें, तर त्यापुढें एक खूण करतात. प्रकरण संपल्यावर त्या कौशल्यासाठीं पुन्हां फांसे टाकतात. आणि आतां आंकडा कौशल्याहून जास्त आला, तरच त्यांत १ ते १० टक्क्यांची भर पडते. ज्याचें कौशल्य शेंकडा ३० आहे, त्याला वाढ होण्याचा संभव शंभरांत ७० वेळां. ज्याचें ८० आहे, त्याला केवळ २० वेळां. म्हणजे नवशिक्या झपाट्यानें पुढें जातो, आणि निपुणाला एकेका टक्क्यासाठीं झुरावें लागतें. जें कौशल्य वापरलेंच नाहीं, त्यापुढें खूण होत नाहीं, व खूण नाहीं तर वाढहि नाहीं. वाडवडिलांचें नांव सांगून ती खूण मिळत नाहीं. अभ्यासाविषयीं आम्ही शिक्षक वर्षभर जें सांगत असतों, तें या नियमांत तीन ओळींत आलें आहे.

खेळ तो खेळच. जीवनाचें सर्व ओझें त्यास पेलत नाहीं. खेळांत धंदा निवडावयास क्षणभर पुरतो. संसारांत फी, घरची निकड, गांवांतील शाळेची सोय, अशा शंभर गोष्टी आड येतात. तरी या खेळांपासून पालकांस एक गोष्ट घेण्यासारखी आहे. “हें आपल्या घरांत कोणाला आलें नाहीं, तुला काय येणार?” हें वाक्य पुष्कळ मुलांच्या कानांवर पडतें. घरांत कोणाला आलें नाहीं याचा अर्थ, खेळाच्या भाषेंत, एवढाच कीं मूल त्या विद्येंत आरंभाच्या आंकड्यावर उभें आहे. आणि आरंभाच्या आंकड्यावर असणाऱ्याचीच वाढ सर्वांत जलद होते. त्याचप्रमाणें, ज्या मुलाला पहाटे उठून धार काढतां येते, बाजाराचा हिशेब तोंडीं करतां येतो, घरीं एक व शाळेंत दुसरी अशा दोन भाषा बोलतां येतात, तें मूल परीक्षेंत मागें पडलें तरी रिकाम्या हातांचें नाहीं; त्याच्या कागदावरचे कित्येक रकाने भरलेले आहेत, आणि ते प्रगतिपुस्तकांत छापीत नाहींत इतकेंच.

येत्या सुटींत एखाद्या संध्याकाळीं मुलांनीं व वडील मंडळींनीं मिळून एक कोरा कागद घ्यावा, व त्यावर चार रकाने आंखावे : घरानें काय दिलें, शाळेनें काय दिलें, हातानें केलेल्या कामानें काय दिलें, आणि स्वतःस काय हवें आहे. पहिले तीन रकाने सर्वांनीं मिळून भरावे; त्यांत आजीला आठवेल तें आजीनें सांगावें, व बापाला ठाऊक असेल तें बापानें. चौथा रकाना मुलाकडे द्यावा. भूमिका-खेळांत तो सूत्रधारहि भरीत नाहीं.